एकोणिसावा रकाना

१

खांब जागेवर होता. चार बोल्ट होते, त्यांच्यावर चार नटही होते. फलक तेवढा नव्हता.

निरीक्षक बाई त्या मोकळ्या खांबासमोर उभ्या राहिल्या. निवृत्तीला सात महिने उरलेले असताना हे माझ्याच कपाळी का, हा त्यांच्या मनात आलेला पहिला विचार. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या हद्दीतला एकही ऐतिहासिक फलक गेला नव्हता. ट्रक घासून गेले, निवडणुकीतल्यांनी जाहिराती डकवल्या, एका महाभागाने तर फलकाला दोरी बांधून कपडे वाळत घातले. पण प्रत्येक फलक आपापल्या रस्त्याच्या कडेला टिकून होता. कार्यालयात पाठीमागे त्यांना ‘फलकबाई’ म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

हा फलक त्यांना तोंडपाठ होता. बिडाचा, ओतीव, दोन हात रुंद. उठावाची अक्षरं, आणि वरच्या कडेला मधोमध अक्षरांहूनही दोन बोटं पुढे आलेलं खात्याचं चक्र. मजकूर असा: ‘या ठिकाणच्या जुन्या पुलावरून पुराच्या पाण्यात प्रवासी गाडी वाहून गेली व नऊ जण मृत्यू पावले. पुलाचा पहारेकरी झोपी गेल्याने रस्त्यावरची साखळी उघडी राहिली होती.’

गोष्ट बावन्न वर्षांपूर्वीची. तेव्हा इथे बुटका पूल होता. पाणी चढलं की पहारेकऱ्याने रस्त्यावर आडवी साखळी ओढून कुलूप लावायचं, एवढंच त्याचं काम. आता नवा उंच पूल आहे, साखळीही नाही आणि पहारेकरीही नाही. राहिला होता तो फलक, आणि आता तोही गेला.

बाईंनी नटाला बोट लावून वास घेतला. तेल होतं, पातळ, पांढरं. गॅरेजातलं काळं वंगण नव्हे.

आणखी एका गोष्टीचा त्यांना मनस्वी राग आला होता. फलक गेल्याची वर्दी दुसऱ्याच दिवशी कार्यालयात पोचली होती. ती आवक विभागातून टपाल विभागात, तिथून साहेबांच्या टेबलावर आणि तिथून बाईंच्या टेबलावर यायला एकोणीस दिवस लागले होते. दोन मजल्यांचं कार्यालय, आणि एकोणीस दिवस! नियम असा, की तीस दिवसांत फलक सापडला नाही तर तो ‘गहाळ’ धरायचा, समिती बसवायची आणि नवा मजकूर लिहून नवा फलक ओतायचा. फुटलेल्या फलकालाही तोच नियम. शाबूत सापडला तर होता तसा, होता तिथे बसवायचा. म्हणजे बाईंच्या हातात आता दहा दिवस होते.

वर्दीचा नमुना मात्र देखणा होता. गहाळ फलकाच्या नमुन्यात एकोणीस रकाने. लोक त्यातले पाच भरतात, बाकीचे सोडून देतात, आणि बाई त्यावर ‘अपूर्ण’ असा शिक्का मारून परत पाठवतात. हा एकमेव नमुना असा, की सुंदर अक्षरात अठराच्या अठरा रकाने भरलेले. शेवटच्या, ‘जबाबदार व्यक्ती, माहीत असल्यास’ या रकान्यात फक्त एक आडवी रेघ. खाली इतिहासाच्या निवृत्त मास्तरांची सही.

असा नागरिक प्रत्येक गावाला मिळो, असं बाईंच्या मनात आलं. पुढे नऊ दिवसांनी याच वाक्यावर त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

२

रस्ता रुंदीकरणासाठी उकरून ठेवला होता. दोन्ही बाजूंना उघडी गटारं, घराघरांपुढे ती ओलांडायला टाकलेल्या फरश्या आणि फळ्या, मातीचे ढीग, आणि ढिगावर बसून फोनवर ओरडणारा कंत्राटदार. पहिला संशय त्याच्यावर, हे सांगायला शहाणा नको. फलक त्याच्या रस्त्याच्या अगदी मध्ये येत होता, आणि तो हलवायची परवानगी मागणारी तीन पत्रं बाईंच्याच कपाटात पडून होती.

“आलात का मॅडम? या,” कंत्राटदाराने फोन खिशात कोंबला. “मीच चोरला असं म्हणायला आला असाल.”

“तुम्हाला तो नकोच होता ना?”

“नको होता! पण मी अडाणी नाही. हरवला की काय होतं, ते तुमच्याच पत्राखाली बारीक अक्षरात छापलंय. चौकशी पूर्ण होईपर्यंत खांबाच्या वीस पावलांत फावडं लावायचं नाही. माझं मशीन भाड्याने उभंय तिथे, शोभेला. तो फलक आणून देईल त्याला मी खांद्यावर घेऊन नाचेन.”

त्याच्या डोळ्यांत खरोखरच पाणी यायचं बाकी होतं. ज्याच्या पायावर धोंडा पडला, तो धोंडा त्यानेच कशाला उचलून टाकावा? बाईंनी मनातल्या यादीतून त्याच्यावर काट मारली.

“गेला कधी असेल?”

“सुट्टीच्या दिवशी. आमचं काम बंद होतं. पण खोदलेल्या रस्त्यावर हातात पाना घेतलेला माणूस दिसला तर कोण विचारतं हो? लोकांना वाटतं आमचाच.”

दुसरा दिवस भंगारवाल्याकडे गेला. पाय दुखेपर्यंत बाई त्याच्या लोखंडाच्या ढिगांतून फिरल्या. भंगारवाला म्हातारा होता, कानाने अधू होता आणि धंद्यात मुरलेला होता. त्याने फक्त एक प्रश्न विचारला.

“नट कसे होते?”

“बोल्टवर परत फिरवून ठेवलेले.”

तो हसला. “मग बाई, तुम्ही चुकीच्या दारात आलात. आमचं गिऱ्हाईक बोल्ट खोलत बसत नाही. बीड आहे ते. बीड वाकत नाही, तुटतं. उंचावरून दगडावर सोडलं की झाले चार तुकडे. घणाचा एक दणका घालायचा आणि तुकडे पोत्यात भरायचे. नट खोलून परत लावून ठेवणारा माणूस चोर नसतो. त्याला वाटत असतं, ही वस्तू पुन्हा इथे बसणार आहे.”

“हीच वस्तू?”

“ही किंवा दुसरी. खांब तर तोच राहणार ना?”

बाई परत निघाल्या तेव्हा त्यांच्या हाती लोखंड लागलं नव्हतं, पण एक कोडं लागलं होतं. आणि एक नाव त्या दोन दिवसांपासून टाळत होत्या, ते आता टाळता येणार नव्हतं.

३

खांबाच्या बरोबर समोर, रस्त्याच्या पलीकडे, शिवणकामाचं एक दुकान होतं. दुकान कसलं, एक मशीन, एक आरसा आणि कपड्यांचे गठ्ठे. मशीनवर बसणाऱ्या बाईंना सगळी गल्ली शिवणताई म्हणायची. वय चौसष्ट. पहारेकऱ्याची मुलगी.

चाळीस वर्षं त्या मान वर करायच्या ती बापाच्या नावावरच्या त्या वाक्यासमोर. ते वाक्य बदलावं म्हणून त्यांनी अकरा वर्षांत पाच अर्ज केले होते, आणि पाचही अर्जांना एकच उत्तर गेलं होतं: ‘शाबूत असलेल्या फलकाच्या मजकुराचा विचार करता येत नाही.’ खाली सही निरीक्षक बाईंची. म्हणूनच दुकानाची पायरी चढताना त्यांचा पाय जड झाला.

“या,” शिवणताई म्हणाल्या आणि मशीन थांबवलं नाही. “सही ओळखीची आहे. चेहरा आज बघितला.”

“ताई, मला विचारावं लागेल.”

“विचारा की. मी काढला का? नाही. मला काढता आला असता तर मी नट परत लावत बसले असते? तोडला असता मी. तुकडे नदीत टाकले असते, एकेक करून, सावकाश.”

ते इतक्या शांतपणे सांगितलं, की बाईंना ते खरं वाटलं.

“नटांना तेल होतं. मशीनचं.”

“असेल. अर्धी गल्ली माझ्या तेलावर चालते. चहावाला शटरला नेतो. मास्तर मागच्या महिन्यात फाटकाला घेऊन गेले, फार करकरतं म्हणे. कंत्राटदाराची माणसं तर न विचारताच उचलतात.” मशीन थांबलं. “तुम्हाला एक दाखवू?”

त्यांनी मशीनचा खण ओढला. बॉबिन, खडू, टाचण्या, आणि त्यात एक पितळी किल्ली. झिजून गुळगुळीत झालेली.

“बाबांची. साखळीच्या कुलपाची. कुलूप कधी सापडलंच नाही, साखळी उघडी सापडली, म्हणून सगळ्यांनी ठरवलं की लावलंच नव्हतं. बाबा मरेपर्यंत एकच सांगत होते, मी कुलूप लावलं होतं, दोनदा ओढून बघितलं होतं. मी बारा वर्षांची होते. माझा सुद्धा विश्वास बसला नाही, बाई. गाव म्हणतं ते खरं वाटतं त्या वयात. बाबा गेल्यावर मला कळलं, की जो माणूस आयुष्यात कधी कपभर चहाचंही खोटं बोलला नाही, तो एवढं एकच खोटं का बोलेल?”

“अर्ज सुंदर लिहिता तुम्ही,” बाई म्हणाल्या, आणि असलं काहीतरी बोलल्याबद्दल स्वतःवरच चिडल्या.

“मी कुठली! मास्तर लिहून देतात.”

“मास्तर? फलकाचा मजकूर त्यांनीच लिहिलाय ना?”

“तेच. अकरा वर्षांपूर्वी आपणहून आले. म्हणाले, ताई, माझं चुकलं असावं, आपण अर्ज करू. का, ते कधी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. बुडत्याने दोरी कुणी टाकली ते विचारू नये.”

४

मास्तरांचं घर खांबाला लागूनच होतं. गटारावरच्या लादीवर बाईंनी पाय ठेवला आणि ती अशी डुगडुगली, की त्या पडता पडता वाचल्या. चिखलाने माखलेली कसलीशी लादी, धड बसवलेलीसुद्धा नाही. शहरात एक गोष्ट धड असेल तर शपथ, असं पुटपुटत त्यांनी फाटक ढकललं. फाटक एवढ्या जोराने करकरलं, की आतून मास्तर ताबडतोब बाहेर आले.

“सांभाळून! लागलं नाही ना?” त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. सज्जन माणूस, बाईंना वाटलं. पाहुण्याच्या पायाची एवढी काळजी.

वय चौऱ्याहत्तर. घरभर पुस्तकं, भिंतीवर एका खाकी गणवेशातल्या तरुणाचा फोटो, खांद्याला तिकिटांची पेटी.

“माझा थोरला भाऊ,” मास्तर म्हणाले. “त्या गाडीचा वाहक होता. पोहून बाहेर आला. गाडीतून वाचलेला एकटाच. अकरा वर्षांपूर्वी गेला.”

“मजकूर लिहिताना त्यांना विचारलं असेल तुम्ही.”

“तो त्या दिवसाबद्दल बोलायचाच नाही. मी चौकशी समितीचा अहवाल वाचून लिहिलं. मजकूर पाठवला आणि थेट अनावरणाच्या दिवशी फलक पाहिला, खांबावर, पडद्याआड. पडदा सरला, टाळ्या पडल्या. मी चौतीस वर्षांचा होतो. इतिहास लिहिला असं वाटलं होतं.” त्यांनी एक कागद पुढे केला. “नवा करायची वेळ आलीच तर मजकूर तयार ठेवलाय. समिती मूळ लेखकालाच विचारते, असा नियम आहे ना?”

बाईंनी वाचलं. पूल, पूर, गाडी, नऊ मृत्यू. पहारेकऱ्याचं वाक्य गाळलेलं होतं. साखळीचा उल्लेखच नव्हता.

“हे वाक्य का काढलंत?”

“पुरावा नाही त्याला.”

“मग आधी कुठे होता?”

मास्तर उठून स्वयंपाकघराकडे वळले. “चहा घेणार?” ते म्हणाले.

पुढचा आठवडा बाईंनी वाया घालवला. दुसरा शब्द नाही. नदीकाठ पाहिला, विहीर पाहिली, ओतकामाच्या जुन्या कारखान्याची जागा पाहिली. कारखाना कधीच बंद पडला होता, कागदपत्रं जळाली होती, आणि जागेवर लग्नाचा हॉल उभा होता. प्रत्येक ठिकाणी त्यांना एकच उत्तर मिळालं: इथे नाही. जीपही दोनदा बंद पडली. एकोणतिसाव्या दिवशी त्या कार्यालयात परतल्या तेव्हा त्यांच्या चपलांना चिखल, डोक्यात संताप आणि वहीत शून्य होतं.

आणि साहेबांनी त्यांना आत बोलावलं.

५

“पाच अर्ज!” साहेबांनी फाइल आपटली. “त्या शिवणवालीचे पाच अर्ज आहेत, खांबासमोर दुकान आहे, नटाला तिच्या मशीनचं तेल आहे. तुम्ही अजून काय शोधताय?”

“साहेब, तिने केलेलं नाही.”

“पुरावा?”

“तिने केलं असतं तर नट परत लावले नसते.”

“वा! हे मी वर लिहून पाठवू? नटाचं मानसशास्त्र? तिच्या नावाने पोलिसांत तक्रार द्या. उद्या सकाळी मला सहीला हवी. कोणाचं तरी नाव लागतं, बाई. ‘अज्ञात’ लिहिलं की वरून दहा प्रश्न येतात.”

बाई आपल्या टेबलाशी येऊन बसल्या. कोणाचं तरी नाव लागतं. बावन्न वर्षांपूर्वी सुद्धा कुठल्याशा टेबलावर असंच कोणीतरी म्हणालं असेल, आणि हाताशी पहारेकरी होता. आता त्याची मुलगी होती. त्यांना स्वतःची अतोनात शरम वाटली, कारण हातात पेन त्यांच्याच होतं.

तक्रारीचा नमुना मास्तरांच्या वर्दीसारखाच. एक ते दहा रकाने त्यांनी भरले. अकरावा: ‘फलकाचा ओतीव क्रमांक’.

त्यांनी नोंदवही काढली. या फलकापुढचा रकाना कोरा होता आणि शेजारी त्यांच्याच तरुणपणच्या अक्षरात शेरा: ‘क्रमांक मागील बाजूस. फलक खांबाला चिकटून असल्याने पाहता आला नाही.’ बरोबरच होतं. फलक काढल्याशिवाय क्रमांक दिसत नाही, आणि फलक काढायला परवानगी नाही. म्हणून लोक हा रकाना सोडून देतात, आणि बाई शिक्का मारतात: अपूर्ण.

तेवढ्यात त्यांचा हात थांबला.

त्यांनी मास्तरांची वर्दी पुढे ओढली. अकराव्या रकान्यात, सुंदर अक्षरात: ३१७.

चाळीस वर्षांत तो आकडा कोणी पाहिला नव्हता. नोंदवहीत नाही. कारखान्याची कागदपत्रं जळलेली. मास्तरांनी स्वतः सांगितलं होतं, फलक पहिल्यांदा पाहिला तो खांबावर. मग ३१७ आला कुठून?

अकरा वर्षांत पाच अर्ज. आणि त्या पाचांपैकी प्रत्येक अर्ज आधी एकदा ‘अपूर्ण’ म्हणून परत गेला होता. परत पाठवला होता बाईंनीच. त्या माणसाला एकच धडा मिळाला होता: एकही रकाना रिकामा ठेवायचा नाही. आणि तो धडा त्याने इतका मनापासून गिरवला, की चोरीची वर्दी देताना चोरालाच माहीत असेल असा आकडाही प्रामाणिकपणे भरून टाकला.

बाई खुर्चीत मागे टेकल्या आणि त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. मग एकेक गोष्ट आठवू लागली. फाटकासाठी तेल नेलं होतं, पण फाटक अजून करकरत होतं. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस एवढं धूड फळीवरून घसरवत फार तर किती लांब नेणार? दहा पावलं. आणि ती दहा पावलं संपत होती तिथे, गटारावर...

“काखेत कळसा!” त्या मोठ्याने म्हणाल्या. शेजारच्या कारकुनाने दचकून पाहिलं.

६

तिसाव्या दिवशी सकाळी बाई सरळ शिवणताईंच्या दुकानात गेल्या. “किल्ली घ्या आणि माझ्याबरोबर या,” एवढंच म्हणाल्या.

मास्तर फाटकाशीच उभे होते. बाई लादीवर उभ्या राहिल्या. लादी डुगडुगली. त्या खाली वाकल्या आणि पाण्याच्या बाटलीने कोपऱ्यातला चिखल धुऊन काढला. तीन, एक, सात.

“पालथा घातला की चक्र खाली येतं,” त्या म्हणाल्या. “ते दोन बोटं उंच आहे. म्हणून लादी बसत नाही. मास्तर, तुम्ही अकरावा रकाना भरायला नको होता.”

मास्तर फाटकाला धरून हळूहळू पायरीवर बसले. “रिकामा ठेवला तर तुम्ही परत पाठवता,” ते म्हणाले.

बाईंनी बाटलीचं झाकण लावलं.

“शाबूत असताना बदलत नाही, असं पाच वेळा लिहिलंत. मग म्हटलं, शाबूतच ठेवायचा नाही. पण फोडवेना. माझं लिहिलेलं होतं ना.”

“ते झालं. पण तुमचं चुकलं हे तुम्हाला अकरा वर्षांपूर्वी कसं कळलं? भाऊ गेला त्याच वर्षी?”

मास्तरांनी शिवणताईंकडे पाहिलं, उठले, आत गेले, आणि पत्र्याची एक डबी घेऊन आले. डबीत जुन्या फडक्यात गुंडाळलेलं कुलूप होतं. बंद कुलूप. त्याच्या दांडीत साखळीची एक कडी अडकलेली, आणि ती कडी एका बाजूने तोडलेली.

“जाण्याआधी दोन दिवस दिलं त्याने,” मास्तर म्हणाले. “गाडीला उशीर झाला होता. पाणी पुलावर चढलेलं होतं. पहारेकरी कुलूप लावून पाण्याची पातळी बघायला काठाने लांब गेला होता, त्याने काही पाहिलंच नाही. माझ्या भावाने जॅकच्या दांड्याने कडी तोडली. कुलूप खिशात घातलं, कोणाला दिसू नये म्हणून.”

शिवणताई पुढे झाल्या. त्यांनी कुलूप हातात घेतलं, किल्ली घातली. मास्तरांनी एवढी वर्षं त्याला तेल दिलं असावं, कारण किल्ली पहिल्याच फटक्यात फिरली आणि कुलूप टक्‌ करून उघडलं.

शिवणताई ते उघडं कुलूप बघत राहिल्या. “लावलं होतं,” त्या म्हणाल्या. “बाबा, लावलं होतं तुम्ही.” आणि मग त्या मास्तरांवर कडाडल्या. “अकरा वर्षं! माझ्या दुकानात बसून माझे अर्ज लिहीत होतात, आणि हे घरात? माझ्या बापाचं वाक्य गुपचूप पुसायचं, आणि तुमच्या भावाचं कुणाला कळू द्यायचं नाही. दोन्ही डगरींवर पाय!”

“हो,” मास्तर म्हणाले. “तसंच होतं.”

बाईंनी बाजूला होऊन साहेबांना फोन लावला.

“साहेब, समजा फलक सापडला, आणि मजकूर धडधडीत खोटा आहे याचा पुरावाही सापडला, तर?”

“सापडला? छान! आजच बसवून टाका.”

“खोटा मजकूर?”

“शाबूत आहे ना? मग मजकुराचा प्रश्न येत नाही. नियम तुम्हीच मला शिकवलात, बाई.”

फोन बंद झाला. ते मात्र खरं होतं. नियम त्यांनीच शिकवला होता. एकतीस वर्षं त्यांनी फलक सांभाळले होते, आणि त्यांवर काय लिहिलंय ते सांभाळायचं राहून गेलं होतं.

“चला,” त्या दोघांना म्हणाल्या, “हात लावा. बसवायचा आहे.”

शिवणताईंनी कुलूप त्यांच्यासमोर धरलं. “परत? हे बघितल्यावरसुद्धा?”

“हात लावा, ताई.”

तिघांनी मिळून फलक उचलला. खांबाच्या पायाशी दगडी चौथरा होता. तिथवर आल्यावर बाई म्हणाल्या, “आणखी वर. छातीपर्यंत. आता तुम्ही दोघं सोडून मागे व्हा, पाय सांभाळा.”

“बाई, तुम्हाला एकटीला पेलणार नाही,” मास्तर म्हणाले.

“माहीत आहे,” बाई म्हणाल्या.

दोघं मागे झाले. बाईंनीही हात सोडले. भंगारवाला खोटं बोलला नव्हता. बीड वाकलं नाही. फलकाचे चार तुकडे झाले, आणि ‘पहारेकरी’ एका तुकड्यावर व ‘झोपी गेल्याने’ दुसऱ्यावर गेलं. ढिगावरचा कंत्राटदार फोन कानाला तसाच धरून उठून उभा राहिला.

मग बाई मास्तरांच्या पायरीवर बसल्या, पिशवीतून नुकसानीचा, तोही एकोणीस रकान्यांचाच, कोरा नमुना काढला आणि गुडघ्यावर ठेवून भरू लागल्या. कुठे मिळाला, कसा होता, आता कसा आहे. क्रमांक ३१७. ‘मजकुराबाबत नवा पुरावा, असल्यास’ इथे त्यांनी कुलूप, किल्ली आणि तुटकी कडी लिहिली, आणि कागद मास्तरांपुढे धरला. मास्तरांनी भावाचं नाव स्वतःच्या हाताने लिहिलं. अक्षर या वेळी सुंदर आलं नाही.

“एकोणिसाव्यात माझं घाला,” ते म्हणाले. “जबाबदार व्यक्ती. फलक मी काढला.”

“काढलात तुम्ही. फुटला माझ्या हातून,” बाई म्हणाल्या. “या जागेवर एकदा भलत्याचं नाव लिहून झालंय, मास्तर. पुन्हा नको.”

चौकशी होणार, निवृत्तीची रक्कम अडकणार, साहेब बोंब मारणार, हे सगळं त्यांना दिसत होतं. त्यांनी एकोणिसाव्या रकान्यात आपलं संपूर्ण नाव आणि हुद्दा लिहिला. मग सवयीने नमुना वरपासून खालपर्यंत तपासला. एकही रकाना रिकामा नव्हता.

रस्त्यापलीकडे शिवणताई मशीनवर बसल्या होत्या. त्यांनी मान वर करून समोरच्या खांबाकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि मग मशीन सुरू केलं.